बाळाच्या बाबांनाही कामाला लावा!

डोहाळजेवण थाटात झालं, टोपडी विणून झाली, दुपटी शिवून झाली, डिंक-अळीव डब्यात भरून ठेवले. पण या सगळ्या गडबडीत बाळाचे बाबा कुठं असतात? बहुतेक घरी पेपर वाचत! “बायकांच्या गोष्टी, मला काय कळतंय त्यातलं?” असं ते म्हणतात आणि आपणही हसून सोडून देतो.

मैत्रिणींनो, इथंच आपलं चुकतं. आमच्या शेजारी रात्री दोनला कळा सुरू झाल्या आणि फाईल काही सापडेना. बिचाऱ्या वहिनीच कळा सोसत सांगत होत्या, “अहो, साड्यांच्या खालच्या कप्प्यात!” तेव्हा सातवा महिना लागला, की आपल्या ‘अहों’ना कामं वाटून द्या.

तपासणीला एकदा तरी त्यांना बरोबर न्याच. दोघांचे रक्तगट त्यांना पाठ हवेत. तुमचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत सहसा अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. त्याची आठवण त्यांनीच ठेवायची.

बॅग त्यांच्याच हातानं भरून घ्या, म्हणजे काय कुठं आहे ते कळेल. ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर, हाताशी थोडे पैसे, आणि 108 हा मोफत अँब्युलन्सचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याखालीच लिहा: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं, तर कळांची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा.

रजेचंही आधीच बघायला सांगा. केंद्र सरकारच्या नोकरीत पहिल्या दोन मुलांच्या वेळी वडिलांना 15 दिवसांची रजा मिळते. खाजगी कचेरीत नियम निरनिराळे, म्हणून साहेबांना वेळेवर विचारलेलं बरं.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल, तर जावईबापू थेट बारशालाच उगवतात! तसं नको. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, तीही बाळ जिथं जन्मलं तिथं. नावांचं स्पेलिंग तपासायचं काम त्यांच्याकडे द्या. आणि तुम्ही माहेरी जाण्याआधी कुकर लावायला शिकवून ठेवा!

बाळ घरी आलं, की पाजायचं काम आपलं. पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं त्यांना सहज जमतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. मध नको, गुटी नको. हा विषय सासूबाईंकडे मात्र त्यांनीच काढावा. सुनेनं सांगितलं तर वाद होतो, मुलानं सांगितलं तर ऐकलं जातं!

शेवटचं, पण महत्त्वाचं. बाळंतिणीला पहिले काही दिवस उगीच रडू येतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उदासच राहिलं, तर ‘नाटकं’ म्हणून न सोडता डॉक्टरांकडे न्यायचं, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

एकदम सगळं सांगू नका हं, घाबरतील! रोज रात्री जेवणानंतर एकेक गोष्ट. बघा, पेपर आपोआप बाजूला पडेल.