दुर्बीण : नवी कोरी की जुनी वापरलेली?

कापड घेताना आपण ते उजेडासमोर धरतो, तेव्हाच वीण कळते. जुनी दुर्बीणही तशीच पारखावी. मी मात्र मुंबईच्या चोरबाजारात नुसते जर्मन नाव वाचून सौदा केला. आत भिंगांवर बुरशी होती. खरेदीइतकेच पैसे दुरुस्तीला लागले, आणि बुरशीने खाल्लेला काचेवरचा लेप काही परत आला नाही.

व्यापारी बांधवांनो, नावापेक्षा आधी घडण बघा. पुढची भिंगे डोळ्यांच्या भिंगांपेक्षा लांब-लांब असतील तर ती पोरो जातीची; इटलीच्या इग्नाझिओ पोरोने १८५४ साली पेटंट घेतलेली. सरळ नळ्यांची असेल तर ती रूफ प्रिझमची. तिच्यात प्रकाशाचे दोन भाग होऊन चित्र किंचित पुसट होते. त्यावरचा खास लेप झाइस कंपनीने १९८८ साली आणला. त्याआधीच्या सरळ नळीला मोठा भाव देऊ नये. पोरोत हा दोषच नाही, म्हणून पूर्व जर्मनीची जुनी ८×३० ‘जेनॉप्टेम’ चांगल्या हालतीत असेल तर थोडक्या पैशांत आजही उत्तम दिसते.

महाग नवी घेण्याला दोन खरी कारणे. पावसात, होडीवर काम असेल तर नायट्रोजन भरलेली बंद दुर्बीण आतून धुरकटत नाही. दुसरे, चष्मा. जुन्या भिंगांतून चष्मेवाल्याला चित्राचा मधलाच भाग दिसतो. पन्नाशीनंतर हे फार जाचते, अनुभवाने सांगतो!

जुनी घेताना मोठ्या भिंगाकडून दिव्याकडे बघा. आत जाळे दिसेल तर ठेवून द्या. मग दूरचा विजेचा खांब दोन्ही डोळ्यांनी बघा. खांब दोन दिसले, तर दुकानदार निम्म्यावर आला तरी घेऊ नका.