झटक्यानंतरचे वर्ष : वर्ध्यातील हृदयरुग्ण आणि त्याचे काम

वर्धा जिल्ह्यात हृदयरुग्णाला उपचारच मिळत नाहीत, असे म्हणता येणार नाही. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी (मेघे) येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात, स्टेंटच्या किमतीलाही फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने लगाम घातला. अडचण सुरू होते ती सुटी झाल्यावर. काही शस्त्रक्रियांनंतरचा ठरावीक काळाचा पाठपुरावा योजनेने धरलेला आहे, पण गोळ्या जन्मभराच्या असतात. म्हणून शेतकरी-शेतमजुरांच्या या जिल्ह्यात आरोग्यसेवा पोचली की नाही, हे झटक्यानंतर वर्षभराने तपासावे, असे माझे म्हणणे आहे. गोळ्या चालू आहेत का, आणि माणूस झेपेल ते काम करतो आहे का? हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. मजुरी बुडाली की औषध मागे पडते, औषध सुटले की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो.

यावर नेहमीचे उत्तर असे, की लोकच निष्काळजी. बरे वाटले की गोळ्या सोडतात. काही जण सोडतातही. पण देशातल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीत (२००८) झटक्यानंतर ३० दिवसांत गरिबांपैकी ८.२ टक्के, तर श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले. आणि मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरताच ही तफावत उरली नाही. ‘प्युअर’ अभ्यासात (२०११) गरीब देशांतले सुमारे ८० टक्के जुने रुग्ण चार मुख्य औषधांपैकी एकही घेत नव्हते, आणि खेड्यांत औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण शहरांपेक्षा आणखी कमी होते. इतक्या माणसांचा आळस एकाच वेळी, नेमका गरिबांच्याच वाट्याला यावा, हे पटणारे नाही.

गोळ्या आता स्वस्त आहेत, हे खरे. महाग पडते ते गोळीपर्यंत जाणे. आर्वी, आष्टी किंवा कारंजा (घाडगे) भागातून वर्ध्याला तपासणीसाठी यायचे, तर रुग्णाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. एसटीत ज्येष्ठांना सवलत लागते ती ६५ नंतर; ‘क्रिएट’मधल्या रुग्णांचे सरासरी वय मात्र ५७.५ वर्षे होते. शिवाय खर्च दर महिन्याचा आणि कापूस-सोयाबीनचा पैसा हंगामाचा. त्यात सल्ला मिळतो तो “जड काम करू नका” एवढाच. हे वाक्य खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला पुरते. शेतात कापूस वेचणे, निंदण, डवरणी, पऱ्हाटी उपटणे आणि १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप पाठीवर घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हृदयाची ताकद इकोमध्ये दिसते. ती आणि माणसाला किती श्रम झेपतात ते पाहून, यातले काय कधी सुरू करायचे, हे सांगता येते. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याने वैशाखातल्या उन्हात किती वेळ राबावे, हेही सांगायला हवे. न सांगितल्यामुळे एक जण भीतीने कायमचा घरी बसतो आणि दुसरा नाइलाजाने आठवडाभरात पंप उचलतो. राज्य कामगार विम्यातल्या पात्र कामगाराला दीर्घ आजारात ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. शेतमजुराला तसा एक दिवसही नाही.

खेड्यात एवढे कोण करणार, हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर वर्ध्यातच आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता. एकच ठरलेली औषधयोजना, रुग्णाचे कार्ड, महिन्याच्या गोळ्या गावाजवळ, आणि न आलेल्याचा शोध, अशी त्याची रीत. रक्तदाबाला जमते ते हृदयविकाराला का जमू नये? प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पाठपुरावा केला तर औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण ९२ वरून ९७ टक्क्यांवर जाते, हे ‘स्प्रेड’ या भारतीय चाचणीत (२०१६) दिसले. झटक्यानंतर योगावर आधारित पुनर्वसन देऊन पाहणाऱ्या ‘योगा-केअर’ चाचणीत (२०२०) जवळपास चार हजार रुग्ण होते. तिथे मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्यात ठळक फरक पडला नाही, हे मान्य करायला हवे. पण आधीची कामे पुन्हा करू लागण्यात पडला. पैशाच्या हंगामाचे कोडेही सेवाग्रामने पूर्वी सोडवून पाहिले आहे: डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारातील आरोग्य विम्यात गावकरी सुगीनंतर, ऐपतीप्रमाणे, ज्वारीच्या रूपात हप्ता भरत.

तेव्हा नवी इमारत नको. सुटीच्या कागदाची प्रत रुग्णाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावी, त्यावर कोणते शेतकाम कधीपासून हे मराठीत लिहावे, आणि वर्षअखेरी बसवलेल्या स्टेंटच्या जोडीला कामावर परतलेल्या माणसांचा आकडाही जिल्हा आरोग्य विभागाने जाहीर करावा.