चिखलातले तीन राखाडी पक्षी

शिवडीला किंवा ऐरोलीला ओहोटीच्या वेळी उभं राहिलं, की समोर शेकडो छोटे राखाडी पक्षी चिखलात चोच खुपसत पळताना दिसतात. बरोबरचा कुणीतरी हमखास म्हणतो, "हे सगळे सँडपायपर." चूक नाही, पण मंडईत जाऊन "ही सगळी भाजी" म्हणण्यासारखंच आहे ते.

आज आपण त्यातले तीनच घेऊ: कर्ल्यू सँडपायपर, डनलिन आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर. हे तीनच का? ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत किनाऱ्यावरच्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अनेक जातींचा धोक्याचा दर्जा वाढवण्यात आला. कर्ल्यू सँडपायपर आणि ब्रॉड-बिल्ड हे दोन्ही 'संकटग्रस्त होण्याची शक्यता' असलेल्या गटात गेले, डनलिन त्याच्या एक पायरी अलीकडे. आता विचार करा, आपण वहीत सगळ्यांपुढे "डनलिन, ३००" लिहिलं, तर उरलेले दोन कमी होतायत की नाही हे त्या वहीवरून कधीच कळणार नाही.

पुस्तकातलं चित्र आधी बाजूला ठेवा. चित्रात कर्ल्यू सँडपायपर विटेसारखा तांबडा असतो आणि डनलिनच्या पोटावर काळा डाग असतो. हा विणीचा पिसारा. ही मंडळी घरटी करतात ती थेट उत्तरेकडच्या टुंड्रात. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पोचतात तेव्हा प्रौढांच्या अंगावर त्या रंगाचे नुसते ठिगळ उरलेले असतात. कर्ल्यूच्या पोटावर तांबडे डाग दिसले तर काम सोपं आहे, घ्या ओळखून. एप्रिलमध्ये परत जाण्याआधी तो रंग पुन्हा चढू लागतो, तेव्हाही सोपं. खरी परीक्षा मधल्या काळात, आणि आशियाई पाणपक्षी गणना नेमकी जानेवारीत असते! तेव्हा तिघेही वरून राखाडी, खालून पांढरे.

मग बघायचं काय? तर बांधा बघायचा. कर्ल्यू सँडपायपर उंचेला, मान लांब, पाय लांब. पोटापर्यंत पाण्यात शिरून चरतो. चोच बुडापासून टोकापर्यंत सारख्या बाकाची. डनलिन जरा गोलमटोल, खांदे वर काढून चालल्यासारखा, पाय आखूड. चोच बरीचशी सरळ आणि टोकाशी वाकलेली. शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर टोचत जातो. ब्रॉड-बिल्ड तिघांत लहान. त्याची चोच टोकाशी एकदम खाली मोडल्यासारखी वाटते, आणि डोळ्यावर एक नाही, दोन भुवया: एक जाड पांढरी, तिच्यावर एक बारीक. जवळून दिसली तर ही खूण फसवत नाही.

चोचीच्या लांबीवर मात्र फार विसंबू नका. या पक्ष्यांत मादीची चोच नरापेक्षा लांब असते, शिवाय डनलिनच्या उपजातींमध्येही लांबी बदलते. लांब चोचीची डनलिन मादी आणि आखूड चोचीचा कर्ल्यू नर शेजारी उभे राहिले, तर चोचीवरून निकाल लागणं कठीण.

निकाल लागतो तो उडताना. कर्ल्यूच्या पाठीखाली, शेपटीच्या मुळाशी, सलग पांढरा पट्टा दिसतो. डनलिन आणि ब्रॉड-बिल्डमध्ये तिथे मधोमध काळी रेघ जाते, पांढरं फक्त दोन्ही कडांना.

आता वयाबद्दल थोडं, कारण मला यातलं हेच सगळ्यात रंजक वाटतं. कर्ल्यू सँडपायपरची पिल्लं प्रौढांच्या मागून येतात. त्यांची पाठ खवल्यांसारखी नीटस, छातीवर फिकट पिवळसर-तपकिरी झाक. आणि कोणत्या वर्षी पिल्लं किती येणार याचा संबंध आहे लेमिंगशी! लेमिंग म्हणजे टुंड्रातला उंदरासारखा प्राणी. लेमिंग भरपूर झाले की कोल्ह्यांचं त्यावर भागतं. लेमिंगचा दुष्काळ पडला, की कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळतात. म्हणून सप्टेंबरात ठाणे खाडीवर थव्यात पिल्लं किती, प्रौढ किती हे मोजलं, तर सायबेरियातला तो उन्हाळा कसा गेला याचा अंदाज बांधता येतो.

वेळेचं म्हणाल तर भरती चढत असताना जा. ओहोटीला पक्षी दूर पाण्याच्या कडेशी असतात, भरती त्यांना तुमच्याकडे ढकलत आणते. उधाणाच्या दिवशी मात्र लवकर पोचा. चिखल भराभर बुडतो आणि पक्षी उडून विश्रांतीच्या जागी जातात.

प्रश्न: तीनशेच्या थव्यात साठच ओळखू आले, तर काय लिहायचं?

साठच लिहायचे. उरलेले दोनशेचाळीस "छोटे किनारपक्षी, जात अनिश्चित". ई-बर्डवरही जातीपर्यंत न पोचलेली नोंद करता येते. साठमध्ये चाळीस कर्ल्यू होते म्हणून त्याच हिशेबाने बाकीचे वाटून टाकायचे, असं करू नका. एकाच थव्यात जाती सारख्या पसरलेल्या नसतात, पायांच्या लांबीप्रमाणे कुणी पाण्यात, कुणी कडेला.

प्रश्न: उडतानाची खूण बघायची तर टाळी वाजवून थवा उडवला तर?

नको. भरतीच्या वेळी ते विश्रांती घेत असतात आणि एप्रिलमध्ये तर पुढच्या प्रवासाची चरबी साठवत असतात. जरा थांबा. खाडीवर मार्श हॅरियर घिरट्या घालत असतोच. तो खाली आला की सगळा थवा एकदम वर जातो. कॅमेरा तेवढा तयार ठेवा आणि शेपटीच्या मुळाशी बघा.