रोबोट चालतो, मग रोबोटची कंपनी का अडखळते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखाण. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत, सगळे निघाले नसतील.

विषय सुचला तो गावी. आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. यंदा खरिपात गेलो तेव्हा सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं, फवारणी चालू होती, आणि मामींच्या बचत गटात फवारणीचा ड्रोन घ्यायचा की नाही यावर चर्चा रंगली होती. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, सरकार देतं. उरलेले गटानं उभे करायचे. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे वायर लागलेली कुठलीही वस्तू मला कळते असं घरात धरून चाललेलं आहे. म्हणून मामींनी विचारलं, "काऊन रे, हे कंपनीच बंद पडली तं बॅटरी कोनाच्या दारात मागाची?"

मी म्हटलं, मामी, बघून सांगतो. हा भाग म्हणजे तेच बघणं आहे.

आधी एक गंमत. 'रोबोट' हा शब्दच मुळात एका बुडालेल्या कंपनीच्या गोष्टीतून आलाय. कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० मध्ये 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं. रोसम नावाची एक काल्पनिक कंपनी, एका बेटावर कारखाना, तिथं कृत्रिम कामगार बनवून जगभर विकायचे. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. धंदा जोरात चालतो, किंमत उतरते, प्रत्येक देशाला रोबोट हवे असतात. शेवटी रोबोट बंड करतात आणि कंपनीसकट माणूसजात संपवतात. एकच माणूस उरतो.

तेव्हापासून आपल्या डोक्यात रोबोट कंपनी बुडण्याचं चित्र असं आहे. खऱ्या आयुष्यात रोबोट बंड करत नाही. तो गोदामात खोक्यात बसून राहतो, कारण ऑर्डर आलेली नसते.

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेऊ. आयडियाफोर्ज. नवी मुंबईत महापेला कंपनी आहे. आता कोणी म्हणेल ड्रोन म्हणजे रोबोट कुठं? तर आहे. आजूबाजूचं मोजायचं, त्यावरून स्वतः ठरवायचं आणि मोटर हलवायची, एवढं जो करतो तो रोबोट. वाऱ्याचा झोत आला की ड्रोन सेकंदात शेकडो वेळा स्वतःचा तोल सावरतो, तेव्हा रिमोट धरलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

अंकित मेहता, राहुल सिंग, आशिष भट ही आयआयटी मुंबईची मुलं. २००७ ची कंपनी. सुरुवातीला त्यांनी हातानं फिरवून मोबाईल चार्ज करायचं यंत्रसुद्धा करून पाहिलं होतं. २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये जो ड्रोन उडतो, तो यांनी बनवलेला. मग डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर 'नेत्र' हा टेहळणीचा ड्रोन झाला. २०१३ मध्ये उत्तराखंडात प्रलय आला तेव्हा अडकलेली माणसं शोधायला तो वापरला गेला. म्हणजे कागदावरचं यंत्र नाही, खरंच कामाला आलेलं यंत्र.

तरी पैसा कुठे होता? भारतात त्या काळी साध्या माणसाला ड्रोन उडवायची परवानगी मिळणंच मुश्कील. गिऱ्हाईक कोण, तर लष्कर, निमलष्करी दलं, पोलीस. जानेवारी २०२१ मध्ये सैन्यानं 'स्विच' नावाच्या ड्रोनची ऑर्डर दिली, साधारण २ कोटी डॉलरची, आपल्या हिशेबात १४० कोटींच्या आसपास. स्विच म्हणजे हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जातो आणि वर गेल्यावर विमानासारखा पंखावर उडतो. वजन साडेसहा किलोच्या आसपास, हवेत सुमारे दोन तास. डोंगरात धावपट्टी नसते आणि विरळ हवेत नुसत्या पंख्यांवर बॅटरी भराभर संपते, म्हणून ही दुहेरी रचना.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोनचे नियम सैल झाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आली. सर्वेक्षणाचं कामही वाढलं. तुमच्या गावठाणात 'स्वामित्व' योजनेची मोजणी झाली असेल, पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारून वरून ड्रोन फिरला असेल, तर त्या योजनेत या कंपनीचेही ड्रोन वापरले गेलेत.

मग आला आयपीओ. जून २०२३. ५६७ कोटी उभे करायचे होते, मागणी आली १०६ पट. शेअर ६७२ रुपयांना, २२ शेअरचा एक लॉट, म्हणजे १४,७८४ रुपये. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघांनी अर्ज केला, एकालाही लागला नाही. ७ जुलैला शेअर १,३०० रुपयांना उघडला. आम्ही चौघं त्या दिवशी काही फार बोललो नाही.

२०२३-२४ हे वर्षही झकास गेलं. ३१४ कोटींची विक्री, ४५ कोटी नफा. आणि पुढच्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, विक्री १६१ कोटी आणि ६२ कोटींचा तोटा. शेअर ४०० च्या खाली गेला. लागला नाही तेच बरं झालं, असं आता आम्ही चौघं म्हणतो. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' झालं तेव्हा ड्रोनच्या नावानं सगळेच शेअर उसळले, हाही. पण त्याच एप्रिल ते जून तिमाहीची विक्री आली १३ कोटींच्या आत. आदल्या वर्षी याच तीन महिन्यांत ती ८६ कोटी होती.

कंपनी बुडालेली नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ८६ वरून १३? एका वर्षात यंत्र एवढं बिघडलं का? नाही ना. ड्रोन तोच, इंजिनिअर तेच.

झालं काय, की हातातल्या मोठ्या ऑर्डरी पुरवून झाल्या आणि नव्या वेळेवर आल्या नाहीत. सैन्याची खरेदी कशी चालते बघा. आधी चौकशी निघते, मग निविदा. मग चाचण्या, त्यासाठी कंपनीनं स्वतःच्या खर्चानं ड्रोन घेऊन वाळवंटात आणि बर्फात जायचं, आणि पास झालात तरी खरेदीची हमी नाही. पास झालेल्यांत ज्याची किंमत सगळ्यात कमी त्याला काम. यात वर्ष जातं, दीड वर्ष जातं. मधल्या काळात पगार मात्र दर महिन्याला. सुटे भाग आधीच घेऊन ठेवायचे, कारण ऑर्डर आली की मुदत कमी असते. आणि तोवर लढाईची पद्धतच बदलते. समोरचा जीपीएसचा सिग्नल मारतो, रेडिओ जाम करतो, मग तुमचा दोन वर्षांपूर्वीचा उत्तम ड्रोन चाचणीत नापास.

आपल्याकडं याला सोपा शब्द आहे, एकपीक. सगळ्या रानात सोयाबीन, आणि भाव पडला की वर्ष गेलं. तूर मधे असती तर निदान घरखर्च निघाला असता.

हे मी लांबून बघून बोलत नाहीये. नाव घेत नाही, पण गोदामात खोकी हलवणारे रोबोट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पावणेदोन वर्षं होतो. आमचा रोबोट चालायचा. खरंच चालायचा! अकरा ठिकाणी आम्ही प्रात्यक्षिक दिलं, अकराही ठिकाणी टाळ्या. त्यातल्या चार जणांनी "आधी तीन महिने फुकट वापरून बघतो" म्हटलं. तीन महिन्यांनी दोघांनी अजून तीन मागितले. विकत घेतला एकानंच. शेवटचे दोन पगार मला मिळाले नाहीत, आणि ज्या दिवशी सर्व्हर बंद केला त्या दिवशी त्या एकुलत्या गिऱ्हाइकाचे सहा रोबोट जागच्या जागी थांबले. सर्व्हर बंद करायची कमांड मीच दिली होती. त्या माणसाचा फोन आला, मी उचलला नाही. अजून ते डोक्यात आहे.

बाहेर मोठमोठ्यांचंही असंच झालंय. रॉडनी ब्रूक्स हा एमआयटीचा नावाजलेला प्राध्यापक. त्याच्या रीथिंक रोबोटिक्सनं २०१२ मध्ये 'बॅक्स्टर' आणला, दोन हातांचा, २२ हजार डॉलरचा. माणसाच्या शेजारी काम करू शकेल इतका मवाळ, धक्का लागला तर थांबणारा. पण तो मवाळपणा यायला सांध्यांत स्प्रिंग होत्या, आणि स्प्रिंगमुळे अचूकपणा गेला. कारखान्यांना हसऱ्या चेहऱ्याचा रोबोट नको होता, स्क्रू बरोबर त्याच भोकात जायला हवा होता. ते काम डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचा एकहाती रोबोट करत होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये रीथिंकला कुलूप लागलं. आणि 'जीबो' नावाचा घरगुती रोबोट, कंपनी संपली आणि २०१९ मध्ये त्यानं स्वतःच मालकांना सांगितलं की आता सर्व्हर बंद होणार. लोकांच्या घरातली लहान मुलं रडली म्हणतात. मला पटतं.

म्हणजे मामींचा प्रश्न एकदम रास्त होता.

आता फवारणीच्या ड्रोनकडं येऊ. ते बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक वेगळ्या आहेत, पण पेच ओळखीचा. १५ हजार गटांना ड्रोन द्यायची योजना, त्यासाठी १,२६१ कोटींची तरतूद. कंपनीच्या दृष्टीनं गिऱ्हाईक गट नाहीच, गिऱ्हाईक अनुदान आहे. ते एकदा येतं. १५ हजार ड्रोन विकून झाल्यावर सोळा हजारावा कोण घेणार, पूर्ण पैसे मोजून? त्याचं उत्तर ज्या कंपनीकडे नाही, ती तीन वर्षांनी सुटे भाग ठेवेल का? आणि गटालाही काम हंगामापुरतंच, वाशीमला सोयाबीन आणि तुरीचे मिळून दोन-तीन महिने. बॅटरी तर काही शे वेळा चार्ज झाली की मान टाकते.

तरी मला ड्रोन नको म्हणवत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, कपाशीत शिरलेली माणसं. आमचे मामाही तसेच फवारतात, अजून. ते यंत्र माणसाला त्या धुक्यातून बाहेर काढतं, यात मला शंका नाही.

म्हणून मी मामींना चार गोष्टी विचारायला सांगितल्या. बॅटरीची आजची किंमत काय आणि ती दुसऱ्या कंपनीची चालते का. मोटर, पंखा, नोझल अकोल्याच्या बाजारात मिळतात की फक्त कंपनीकडून. ॲप इंटरनेटशिवाय, कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालू होतं का. आणि दुरुस्तीचा माणूस कुठे बसतो, पुण्यात की वाशीमला. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेत्याचा मुलगा जरा गडबडला म्हणे. "सरांना विचारून सांगतो" म्हणाला.

मामींनी त्याला चहा पाजला आणि हे सगळं लेटरहेडवर लिहून आण म्हणाल्या. गटाचा अर्ज भरून तयार आहे, सह्या झाल्यात, फक्त दिलेला नाही. मुलगा बुधवारी येतो म्हणाला होता. आज शुक्रवार.