उन्हाने छापलेली निळी चित्रे

पुस्तकात जपून ठेवलेले पिंपळाचे जाळीदार पान तुमच्यापैकी अनेकांजवळ असेल. त्याचे हुबेहूब चित्र काढायला बसा बरे! मुख्य शिरा जमतील. पण बारीक जाळी काढताना हात थकेल आणि शेवटी तुम्ही अंदाजाने रेघा ओढू लागाल. वनस्पतिशास्त्राला मात्र असा अंदाज चालत नाही.

हीच अडचण इंग्लंडमधल्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स (१७९९-१८७१) यांच्यापुढे आली. त्या चित्रकलेत कच्च्या नव्हत्या. वडिलांनी भाषांतरित केलेल्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथासाठी त्यांनी सुमारे २५० चित्रे काढली होती. पुढे त्या समुद्रातील शैवाले गोळा करू लागल्या. त्यांचे फाटे केसासारखे बारीक! १८४१ साली ब्रिटिश शैवालांवर हार्वे यांचा ग्रंथ निघाला, पण त्यात चित्रेच नव्हती. नुसत्या वर्णनावरून शैवाल ओळखायचे कसे?

वाट सापडली ती १८४२ साली. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांचे चिरंजीव जॉन हर्शेल यांनी 'सायनोटाइप' ही छपाईची रीत शोधून काढली. तिला कॅमेरा लागत नाही. अ‍ॅटकिन्सबाईंनी अशा कागदावर शैवाल ठेवले आणि चित्र काढण्याचे काम उन्हावर सोपवले! १८४३ ते १८५३ या काळात त्यांनी जवळजवळ ४०० शैवालांची निळी चित्रे प्रसिद्ध केली. छायाचित्रे असलेले पहिले पुस्तक हेच, असे मानले जाते.

हे घडते कसे? कागदाला फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण लावलेले असते. उन्हातील अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस लोह होते. त्याचा फेरिसायनाइडशी संयोग होऊन 'प्रशियन ब्ल्यू' हा पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो. पानाखाली ऊन पोचत नाही; तिथले क्षार तसेच राहतात आणि पाण्याने धुऊन जातात. म्हणून निळ्या कागदावर पानाची पांढरी आकृती उमटते.

हा प्रयोग तुम्ही शाळेत करू शकाल; मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच. २० घनसेंमी पाण्यात ५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या २० घनसेंमी पाण्यात २ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवा. हातमोजे घाला. फेरिसायनाइडजवळ कोणतेही आम्ल आणू नका. मंद उजेडाच्या खोलीत दोन्ही द्रावणे सारख्या प्रमाणात मिसळून जाड कागदावर ब्रशाने पातळ थर द्या आणि कागद अंधारात वाळवा. त्यावर पिंपळाचे जाळीदार पान ठेवा, वर काच दाबा आणि दुपारच्या उन्हात सुमारे १० मिनिटे ठेवा. मग पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. जी जाळी हाताने काढता येत नव्हती, ती शिरेनशिरेसह समोर येईल!

इंजिनिअरांनीही ही रीत उचलली. पारदर्शक कागदावरचा नकाशा अशा कागदावर ठेवला, की निळ्यावर पांढऱ्या रेघांची प्रत मिळे. ते 'ब्ल्यूप्रिंट'. ही पद्धत आता मागे पडली. पण कोणत्याही योजनेच्या आराखड्याला आपण अजून ब्ल्यूप्रिंटच म्हणतो.

आणखी एक गंमत पाहा. तुमचे चित्र बरेच दिवस उजेडात राहून फिके पडले, तर टाकून देऊ नका. काही दिवस अंधारात, पण हवा लागेल असे ठेवा. निळा रंग पुष्कळसा परत येतो. उजेडाने रंगातील काही लोहाचे फेरस रूप झालेले असते. हवेतील ऑक्सिजन त्याला पुन्हा फेरिक करतो. आता एक प्रश्न तुमच्यासाठी: हाच कागद उन्हाऐवजी घरातल्या दिव्याखाली १० मिनिटे ठेवला, तर चित्र उमटेल का? आधी उत्तर वहीत लिहा, कारण द्या, आणि मगच करून पाहा.