काजू-पिस्त्याचे ‘वावडे’ : कवचफळांच्या ॲलर्जीचे निदान व उपचार
(माजिवडा, ठाणे परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश : काजू, पिस्ता, अक्रोड, बदाम आदी कठीण कवचाच्या फळांमुळे होणारी ॲलर्जी भारतात तुलनेने कमी आढळते, परंतु ती ज्यांना आहे त्यांच्या बाबतीत ती प्राणघातक ठरू शकते. मराठीतील ‘वावडे’ आणि ‘पित्त उठणे’ या रूढ शब्दप्रयोगांमुळे तिचे निदान अनेकदा लांबते, तर चाचण्यांच्या चुकीच्या अर्थामुळे निरोगी व्यक्तीलाही आजारी ठरविले जाते. प्रस्तुत लेखात निदानाची क्रमवार पद्धती, तातडीचे व दीर्घकालीन उपचार आणि महाविद्यालयांची जबाबदारी यांचे विवेचन केले आहे.

प्रमुख संज्ञा : ॲलर्जी, कवचफळे, आयजीई प्रतिपिंडे, ॲनाफिलॅक्सिस, ॲड्रेनॅलिन.

१. प्रस्तावना

मराठी खाद्यसंस्कृतीत सुकामेव्याला मानाचे स्थान आहे. कोजागिरीचे मसाला दूध, दिवाळीतील काजूकतली, श्रीखंडावरील चारोळी आणि बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू ही त्याची सहज आठवणारी उदाहरणे होत. काजू हे मूळचे ब्राझीलचे झाड. सोळाव्या शतकात ते पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले आणि पुढे कोकणच्या डोंगरउतारांवर स्थिरावले. आज कोकणातील ओल्या काजूगरांच्या उसळीपासून शहरी उपाहारगृहातील पंजाबी भाज्यांच्या दाट रश्शापर्यंत काजूचा संचार आहे.

माजिवडा हा ठाणे शहरातील मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांच्या संगमावरील भाग आहे. जुने गावठाण, उंच गृहसंकुले, शाळा-महाविद्यालये, मिठाईची दुकाने आणि उपाहारगृहे येथे एकमेकांना लागून आहेत. नाक्यावरील वाहतूक कोंडी ही येथील रहिवाशांच्या नित्य परिचयाची बाब आहे. ज्या आजारात मिनिटांना महत्त्व असते, त्याचा विचार करताना ही कोंडी विसरून चालत नाही. म्हणूनच प्रस्तुत विषयाची मांडणी या परिसराच्या संदर्भात केली आहे.

२. संज्ञांचा प्रश्न

‘मला काजूचे वावडे आहे’ या एका वाक्याचे किमान तीन अर्थ संभवतात. पहिला अर्थ, तो पदार्थ आवडत नाही. दुसरा, तो पचत नाही; खाल्ल्यास पोट जड होते किंवा गुबारा धरतो. तिसरा, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थातील प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. वैद्यकशास्त्र केवळ तिसऱ्या प्रकाराला ॲलर्जी म्हणते. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये योजली. या प्रतिक्रियेमागील आयजीई हे प्रतिपिंड मात्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखले गेले. ही प्रतिपिंडे त्वचा, श्वासमार्ग व आतडे येथील विशिष्ट पेशींवर चिकटून राहतात. ठरावीक प्रथिन पुन्हा शरीरात आले की या पेशींतून हिस्टामीन व अन्य द्रव्ये एकाएकी बाहेर पडतात. त्यांमुळे अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात, घशात आवळल्यासारखे वाटते, दम लागतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. एकाहून अधिक अवयवसंस्थांना ग्रासणाऱ्या अशा तीव्र प्रतिक्रियेस ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. क्वचित प्रसंगी त्वचेवर काहीही न दिसता थेट श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडते.

गांधी उठणे यालाच घरोघरी ‘अंगावर पित्त उठणे’ म्हणतात आणि त्यावर आमसुलाचे पाणी लावण्याचा प्रघात आहे. केवळ त्वचेपुरत्या त्रासात त्याने अपाय होतो असे नाही. मात्र काजू खाल्ल्यानंतर काही मिनिटांत गांधींबरोबर खोकला, आवाज बसणे, वारंवार उलट्या किंवा भोवळ यांपैकी काही दिसू लागले, तर ते पित्त समजून आमसूल शोधण्यात मोलाचा वेळ वाया जातो.

‘सुकामेवा’ ही संज्ञाही या संदर्भात दिशाभूल करते. तीत मनुका, खारीक व अंजीर यांचाही समावेश होतो आणि त्यांचा कवचफळांशी संबंध नाही. याउलट भुईमूग ही तूर-हरभऱ्याप्रमाणे शेंगवर्गीय वनस्पती आहे; शेंगदाण्याची ॲलर्जी ही स्वतंत्र बाब होय, जरी दोन्ही एकाच व्यक्तीत आढळू शकतात. नारळ ताडकुळातील आहे. त्याची ॲलर्जी दुर्मीळ असून काजूच्या रुग्णाने केवळ नावाच्या भीतीने खोबरे सोडण्याचे कारण नाही.

३. एका कुळाची गोष्ट

काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा आणि आंबा हे सर्व ॲनाकार्डिएसी या एकाच वनस्पतिकुळातील आहेत. काजू व पिस्ता यांची प्रथिने इतकी सारखी आहेत की, एकाची ॲलर्जी असणाऱ्यास बहुधा दुसऱ्याचीही असते. अक्रोड व पेकन यांचे नाते असेच जवळचे आहे. बदाम मात्र गुलाबाच्या कुळातील असून त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. बिब्ब्याच्या बियांतील गर, म्हणजे गोडंबी, महाराष्ट्रात लाडवांत घातली जाते. त्यामुळे काजूची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने चारोळी व गोडंबी यांचा उल्लेख वैद्यकांजवळ आवर्जून करावा. पाश्चात्त्य याद्यांत हे पदार्थ सहसा नसतात.

येथे आणखी एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. काजूच्या टरफलातील तेल आणि बिब्ब्याचे तेल यांमुळे कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, हे कोकणात सर्वज्ञात आहे. कपड्यांवर खुणा करण्यासाठी धोबी बिब्ब्याचा रस वापरीत. त्यामुळे झालेल्या त्वचादाहाची नोंद दुसऱ्या महायुद्धकाळात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांमध्येही झाली होती. परंतु हा दाह आयजीई प्रतिपिंडांमुळे होत नाही. तो पेशीजन्य असतो, एकदोन दिवसांनी उमटतो आणि प्रायः त्वचेपुरता मर्यादित राहतो. काजूगर सोलताना हात सोलवटणे आणि काजूगर खाल्ल्यावर श्वास अडकणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांची निदानपद्धती व उपचारही भिन्न आहेत.

४. निदानाची पद्धती

निदानाचा पाया प्रयोगशाळेत नसून रुग्णाच्या वृत्तांतात असतो. नेमके काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, कोणती लक्षणे दिसली, पूर्वी तोच पदार्थ निर्वेध खाल्ला होता काय, त्या वेळी व्यायाम, ताप किंवा वेदनाशामक औषध यांची जोड होती काय, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. आयजीईजन्य प्रतिक्रिया सामान्यतः काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत उद्भवते. आदल्या दिवशी खाल्लेल्या काजूमुळे आज डोके दुखते, अशा तक्रारीत या ॲलर्जीची शक्यता फारच कमी असते.

यानंतर त्वचाटोच चाचणी करतात. हाताच्या त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकासा टोच देतात आणि १५ ते २० मिनिटांनी उमटलेली गांध मोजतात. तुलनेसाठी ठेवलेल्या थेंबापेक्षा ती ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी असल्यास चाचणी सकारात्मक मानतात. चाचणीपूर्वी काही दिवस ॲलर्जीविरोधी गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने बंद ठेवाव्या लागतात. दुसरा मार्ग म्हणजे रक्तातील विशिष्ट आयजीईचे मापन. अलीकडे अख्ख्या काजूऐवजी त्यातील एकेका प्रथिनाविरुद्धचे आयजीई मोजता येते. काजूतील ‘आना ओ ३’ आणि अक्रोडातील ‘जुग आर १’ ही उष्णता व पाचकरस यांना दाद न देणारी साठवण-प्रथिने होत. त्यांविरुद्धची प्रतिपिंडे खऱ्या ॲलर्जीकडे अधिक निश्चितपणे निर्देश करतात. काजू भाजल्याने किंवा तळल्याने धोका का टळत नाही, याचेही उत्तर येथेच मिळते.

सकारात्मक चाचणी म्हणजे संवेदनशीलता. ती स्वतः आजार नव्हे. कर्नाटकातील बंगळूर व म्हैसूर येथे झालेल्या ‘युरोप्रिव्हॉल’ सर्वेक्षणाचे प्रौढांविषयीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत २६.५ टक्के व्यक्तींच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई आढळले. प्रत्यक्ष अन्न-ॲलर्जीची संभाव्यता मात्र केवळ १.२ टक्के व्यक्तींत होती. याचा अर्थ असा की, लक्षणे नसताना शंभर पदार्थांची रक्तचाचणी करून घेतल्यास हाती मुख्यतः निरर्थक भीती लागते. वाढत्या वयाच्या मुलाचा आहार अशा कागदाच्या आधारे तोडणे अन्यायाचे आहे. आयजीजी प्रतिपिंडांवर आधारित ‘फूड इन्टॉलरन्स’ चाचण्या तर निदानासाठी वापरू नयेत, असे युरोपीय ॲलर्जी अकादमीने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे.

वृत्तांत आणि चाचण्या यांचा मेळ बसत नसेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली तो पदार्थ अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने खाऊ घालण्याची आव्हान-चाचणी केली जाते. हीच सर्वांत निर्णायक चाचणी होय. ती सुसज्ज रुग्णालयातच करावी. घरी ‘थोडेसे खाऊन पाहू’ हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

५. तातडीचा उपचार

ॲनाफिलॅक्सिसचा पहिला उपचार ॲड्रेनॅलिन हाच आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत टोचतात. मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅमला ०.०१ मिलिग्रॅम असून प्रौढांसाठी कमाल मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे. आवश्यकता भासल्यास ५ ते १५ मिनिटांनी ती पुन्हा देतात. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंचावर ठेवावेत. धाप लागत असल्यास बसू द्यावे, परंतु एकाएकी उभे करू नये. ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाज व गांधी कमी होतात. सुजलेला घसा किंवा घसरता रक्तदाब त्यांनी सावरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसण्यास काही तास लागतात. त्रास थांबल्यावरही तो काही तासांनी उलटण्याची शक्यता असल्याने रुग्णालयात निरीक्षण आवश्यक ठरते.

ब्रिटनमधील ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अन्नामुळे झालेल्या घटनांत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे ३० मिनिटे होता. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. तथापि सायंकाळी घोडबंदर रस्त्यावरून माजिवडा नाका ओलांडताना यातील किती मिनिटे खर्ची पडतील, हे स्थानिक वाचकास सांगावयास नको. रुग्णवाहिका बोलवावीच, परंतु पहिली मात्रा रुग्ण आहे तेथेच मिळणे हा उपचाराचा गाभा होय.

पाश्चात्त्य देशांत यासाठी रुग्ण स्वयंचलित इंजेक्शन जवळ बाळगतात. भारतातील औषध दुकानांत ते सहज मिळत नाही आणि त्याची किंमतही अनेकांना परवडणारी नसते. ॲड्रेनॅलिनची साधी कुपी मात्र स्वस्त असून ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत समाविष्ट आहे. म्हणून ॲलर्जीतज्ज्ञ रुग्णाच्या कुटुंबीयांस कुपीतून योग्य मात्रा कशी ओढावी आणि कशी टोचावी याचे प्रशिक्षण देतात व लेखी कृतियोजना हाती ठेवतात. हे प्रशिक्षण वैद्यकाकडूनच घ्यावे.

६. दीर्घकालीन उपचार

वर्ज्य पदार्थ टाळणे हा दीर्घकालीन उपचाराचा आधार आहे. बर्फीवरचा पिस्ता काढून टाकल्याने बर्फी निर्धोक होत नाही. काजूची पेस्ट पनीरच्या व कोफ्त्याच्या रश्श्यात डोळ्यांना दिसत नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार वेष्टित खाद्यपदार्थांवर कवचफळांचा उल्लेख बंधनकारक आहे. मात्र सुटी मिठाई, छोटी उपाहारगृहे आणि घरगुती फराळ यांच्या बाबतीत विचारणे हाच एकमेव मार्ग उरतो. दम्याच्या रुग्णांत प्रतिक्रिया अधिक गंभीर होत असल्याने दमा नियंत्रणात ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

दुधाची ॲलर्जी बहुसंख्य मुलांत वयानुसार ओसरते. कवचफळांची ॲलर्जी मात्र, २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, सुमारे ९ टक्के मुलांतच नाहीशी होते. म्हणून ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून फेरतपासणी करावी. अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून सहनशक्ती वाढविणारी तोंडावाटे दिली जाणारी प्रतिकारचिकित्सा काही केंद्रांत केली जाते. आयजीईला निष्प्रभ करणाऱ्या ओमालिझुमॅब या औषधास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्न-ॲलर्जीसाठी मान्यता दिली. त्यामुळे चुकून पोटात गेलेल्या अल्प मात्रेचा धोका कमी होतो. पदार्थ मनसोक्त खाण्याची मुभा मिळत नाही, तसेच ॲड्रेनॅलिनची गरजही संपत नाही.

७. महाविद्यालयांची जबाबदारी

अठराव्या वर्षी विद्यार्थी घरच्या डब्यापासून दूर जाऊन उपाहारगृह, वसतिगृह, शैक्षणिक सहल व राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यांच्या जगात प्रवेश करतो. जोखीम याच वयात वाढते, कारण मित्रांसमोर वेगळे दिसण्याचा संकोचही याच वयात अधिक असतो. प्रवेशअर्जात ॲलर्जीविषयी एक रकाना ठेवणे, उपाहारगृहात काजू-शेंगदाणे असलेल्या पदार्थांवर मराठीत पाटी लावणे, शिबिरापूर्वी संबंधित विद्यार्थ्याची कृतियोजना सोबत घेणे आणि प्रत्येक विभागातील किमान एका प्राध्यापकास प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देणे या गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत.

८. निष्कर्ष

कवचफळांच्या ॲलर्जीबाबत समाजात दोन परस्परविरुद्ध चुका एकाच वेळी घडतात. ज्यांना ॲलर्जी नाही त्यांना केवळ चाचणीच्या आकड्यावरून आयुष्यभर पथ्यात बांधले जाते आणि ज्यांना ती आहे त्यांचा त्रास ‘पित्त’ म्हणून दुर्लक्षिला जातो. दोहोंचे निराकरण काळजीपूर्वक घेतलेल्या वृत्तांतात आहे. ‘वावडे’ हा शब्द ऐकू आला की, ‘म्हणजे नेमके काय होते?’ असा प्रश्न प्राध्यापकाने विद्यार्थ्यास विचारावा. उत्तरात श्वास, सूज किंवा भोवळ यांचा उल्लेख आला, तर त्या विद्यार्थ्यास ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठविणे हे त्या प्राध्यापकाचे पुढील कर्तव्य ठरते.