वाटणीची कसोटी आणि प्रोफेसर पिटमन

ट्रस्टच्या मोफत शिकवणी-वर्गाचा मुलांना खरोखर उपयोग होतो काय, असे देणगीदार विचारतात, व ते रास्तच आहे. मुले मोजकी, चार गुण वाढले तर तो वर्गाचा प्रताप की योगायोग? आम्हा शिक्षकांना आपल्या कष्टांचे फळ नेहमीच मोठे दिसते, म्हणून येथे गणिताचा आधार घेतलेला बरा.

समजा, एका इयत्तेतील सहा मुलांपैकी तिघांना चिठ्ठ्या टाकून वर्गात घेतले. परीक्षेत त्यांना 58, 61, 66 आणि उरलेल्यांना 40, 47, 52 गुण मिळाले. आता घटकाभर असे धरू की, वर्गाचा काडीचाही उपयोग झाला नाही. मग प्रत्येकाला तेच गुण कोणत्याही गटात मिळाले असते. सहांतून तिघे निवडण्याचे प्रकार 20. वरचे तिघेही वर्गात येतील असा प्रकार एकच. म्हणजे निव्वळ नशिबाने असे घडण्याचा संभव विसांत एक. परंतु 58 वाला बाहेर आणि 52 वाला वर्गात असता, तर इतका किंवा याहून सरस निकाल देणारे प्रकार दोन झाले असते. तेवढ्यावर कोणी छाती फुगवू नये. चिठ्ठ्या न टाकता हुशार मुलेच वर्गात घेतली असतील, तर हा हिशेबच फुकट!

या कसोटीचे बीज इंग्लंडच्या फिशर यांनी 1935 साली ग्रंथरूपाने मांडले. तिला व्यापक रूप दिले ते एडविन पिटमन यांनी. मेलबर्न येथे 1897 साली जन्मलेले पिटमन 1926 पासून 1962 पर्यंत टास्मानिया विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. संख्याशास्त्र त्यांचा मूळ विषय नव्हे. शेतकी प्रयोगांचे आकडे तपासता तपासता ते त्यात शिरले. 1937-38 मधील तीन निबंधांत त्यांनी दाखविले की, आकडे अमुकच रीतीने पसरलेले असावेत अशी अट न घालताही कसोटी लावता येते. 1948-49 साली अमेरिकेत त्यांनी दिलेल्या व्याख्यानांची टिपणे पुढे हातोहात फिरली.

अडचण होती ती मोजणीची. वीस मुलांतून दहा निवडण्याचे प्रकार 1,84,756! ते हाताने कोण मांडणार? म्हणून पिटमन यांनी जवळपासचे उत्तर देणारी सूत्रे काढली. ते 1993 साली निवर्तले, तोवर ही मोजणी संगणक चुटकीसरशी करू लागले होते.